फाटकातला ट्रक

ता. ४ सप्टेंबर

ती. उस्तादांस,
धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण असं की मी ट्रक घेतला. साधासुधा नव्हे, लष्करातून निवृत्त झालेला. हे वाचून तुम्ही खुर्चीतून उठला असाल, तर बसा, पुढचं ऐका. लिलावात दोन भंगारवाले एकमेकांशी भांडत होते. मी मधेच पाठ खाजवायला हात वर केला, तो खाली येईपर्यंत ट्रक माझा झाला होता. सहा चाकं आहेत आणि सहाही ओढतात. तुमच्याइतकाच जुना आणि तुमच्यासारखाच ताठ आहे.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या हिच्या रोपवाटिकेची जागा मालकांना इमारतीसाठी हवी आहे. तीस तारखेपर्यंत सगळं हलवायचं. नवी जागा टेकडीवर आहे, आणि तिकडे रस्ता कमी, खड्डे जास्त. भाड्याचे टेम्पोवाले टेकडीचं नाव काढलं की हात जोडतात. म्हटलं, कुठूनही जाणारी गाडीच घेऊन टाकू. हिनं एवढंच विचारलं की चालते का. मी म्हटलं, लष्करातली गाडी, चालणार नाही तर काय करेल.

लिलावाच्या आवारातल्या ड्रायव्हरनं ती आणली, उलटी घेत रोपवाटिकेच्या फाटकात घातली, चावी माझ्या हातावर ठेवली आणि निघून गेला. फाटकात ती अशी बसली आहे की माणसाला पोट आत घेऊन जावं लागतं. म्हटलं, असू दे, आधी रंग देऊ. जन्म पाट्या रंगवण्यात गेला, रंग उडालेली वस्तू मला बघवत नाही. सांगाड्यापासून नटापर्यंत सगळं घासलं, अस्तर दिलं, वर दोन हात मारले. दिव्यांच्या खटक्याभोवतीची अक्षरं पुसट झाली होती, ती नव्यानं काढली. हवेच्या तीन टाक्यांखाली तीन लहान तोट्या आहेत. तिघींच्या दांड्या आडव्या, पण एकीची डावीकडे, दोघींच्या उजवीकडे, असं डोळ्याला खुपत होतं. तिन्ही एका रांगेत सरळ उभ्या केल्या. आता ट्रक बघाल तर दृष्ट काढाल.

फक्त तो चालत नाही. चावी फिरवली की टक् असा एकच आवाज येतो. वळायचा दिवा लावला तर पुढचे दिवे मंद होतात आणि हॉर्न कण्हतो. ब्रेक दाबला की मीटरमागचा दिवा लागतो. शेजारच्या चार जणांनी धक्का मारून पाहिला, चाकं इंचभर हलेनात. मालकांनी खोदायचं यंत्र रस्त्यावर आणून ठेवलंय. त्याला आत जाता येत नाही आणि आमच्या कुंड्यांना बाहेर येता येत नाही. त्यांचा मुकादम रोज येतो, आधी ट्रककडे बघतो, मग माझ्याकडे.

त्यात मालकांच्या इमारतीची पाटीही मीच रंगवली आहे. झाडांच्या सावलीत तुमचं हक्काचं घर, असं लिहिलंय, आणि कोपऱ्यात हिच्या लिंबाच्या झाडाचं चित्र काढलंय. पाटी लावून झाल्यावर कळलं की पहिलं तेच झाड पाडणार आहेत. त्या दिवसापासून ही माझ्याशी कामापुरतं बोलते.

तुम्ही लष्कराच्या वर्कशॉपमध्ये शिकवण्यात हयात घालवलीत. काहीतरी मार्ग सुचवा. अक्कांना नमस्कार. आजवर माझ्यावर लोभ केलात, आता थोडा ट्रकवरही करावा.

आपला,
पेंटर


ता. ९ सप्टेंबर

श्री. पेंटर यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र पावलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला, आणि तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा असं वाटलं की माझ्या वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ जवानाची मी उगाच निंदा करत होतो.

विजेचं आधी घेऊ. वीज तारेनं जाते आणि लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परत येते. जिथं तार सांगाड्याला भिडते, तिथं लोखंड उघडं लागतं. तुम्ही त्या परतीच्या वाटेवर रंगाचे तीन थर चढवलेत. मग ती बिचारी घरी जायला मिळेल त्या दिव्यातून शिरते, आणि तुमचा हॉर्न कण्हतो. जिथं जिथं तार नटाखाली जाते तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा. तुम्हाला दुःख होईल. होऊ द्या.

दुसरं, बॅटऱ्या दोन आहेत. त्या बैलजोडीसारख्या एकत्र ओढतात. त्यातल्या एकीलाच काही जोडलं असेल तर आधी काढा. तिसरं, दिव्यांचा खटका. युद्धात शत्रूला गाडी दिसू नये म्हणून त्यात एक काळोखाची जागा असते. तिथं खटका असला की मोठे दिवे, ब्रेकचे दिवे, हॉर्न सगळं मुकं होतं, फक्त एक मिणमिणता दिवा राहतो. खटका कुठं आहे ते त्याच्या अक्षरांवरून बघा.

चौथं, चाकं जाम का? कारण या गाडीत हवा ब्रेक लावत नाही, हवा ब्रेक सोडते. टाकीत हवा नसली की आतली स्प्रिंग चाक धरून ठेवते. इंजिन चालू झालं की कॉम्प्रेसर हवा भरेल, काटा वर जाईल, चाकं सुटतील. कुणी शहाणा ती स्प्रिंग खोलू म्हणाला तर त्याला हाकलून द्या. ती सुटली तर माणूस जागेवर जातो, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. तोट्या एका रांगेत केल्यात हे मात्र आवडलं. गाडीला शिस्त हवी.

प्रत्येक टप्प्याचा अहवाल पाठवावा. माया आहेच, ती अहवालावर अवलंबून नाही, पण अहवाल यावा.

आपला,
उस्ताद

ता. क. बाळी, यांनी हे पत्र चार वेळा लिहून काढलं आणि मला फळ्यासमोर बसवल्यासारखं बसवून वाचून दाखवलं. तू मला वेगळं लिही. पेंटरच्या पत्रात ट्रक सगळा कळतो, तू कुठंच कळत नाहीस. — अक्का


ता. १४ सप्टेंबर

ती. उस्तादांस,
सा. न. वि. वि.

आपण साक्षात गुरू आहात. मन घट्ट करून रंग खरवडला. प्रत्येक नटापाशी डोळ्यात पाणी आलं, पण इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. हॉर्न असा वाजला की मुकादमाच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर गेला.

बॅटरीचंही आपण बरोबर ओळखलंत. रंग देताना ऐकायला म्हणून मी रेडिओ जोडला होता, तो एकीलाच. ती पार बसली होती आणि दुसरी उकळत होती. दोन्ही एकत्र चार्ज करून आणल्या.

खटक्याचं मात्र लाजत सांगतो. त्याची अक्षरं मी नव्यानं काढली असं लिहिलं होतं ना, ती काढताना डाव्या टोकाला बंद हा शब्द आला होता. पाटीत बंद मधोमध शोभतो, दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटते. म्हणून मी दिवे, बंद, मंद अशी मांडणी केली, म्हणजे काळोखाच्या जागेवर बंद लिहिलं. त्यामुळे मी बंद करत होतो तेव्हा गाडी शत्रूपासून लपत होती, आणि तिचा तो मिणमिणता दिवा रात्रभर बॅटरी पीत होता. आता अक्षरं जागेवर केली आहेत. दिसायला वाईट दिसतात.

राहता राहिली हवा. इंजिन चालतं, धडधडतं, सगळ्या गल्लीची कौलं हलवतं, पण हवेचा काटा लाल पट्ट्याच्या वर चढत नाही. खाली कुठंतरी कुणी सुस्कारे टाकतंय असा आवाज येतो. काल मुकादमानं त्यांच्या यंत्राला दोर बांधून ट्रक ओढून पाहिला. चाकं जामच, जमिनीत खोल चरे पडले, मग दोर तुटला आणि यंत्र समोरच्या भिंतीत गेलं. मालक म्हणतात, तुम्ही मुद्दाम करताय. मी म्हटलं, हे बघा, आमच्या उस्तादांचं पत्र. आणि पहिल्या शब्दापासून वाचून दाखवलं. कॉम्प्रेसरपर्यंत येईतो मालक गाडीत जाऊन बसले होते.

तेव्हा हवेबद्दल जरा विस्तारानं लिहा. अक्कांना नमस्कार. आमच्यावर कृपा राहू द्या, ती गळत नसेल अशी आशा करतो.

आपला,
पेंटर


ता. १७ सप्टेंबर

प्रिय अक्का,
बाळीचा नमस्कार.

तू म्हणालीस म्हणून वेगळं लिहिते. आधी शपथ घे की भाऊजींना यातलं अक्षर सांगणार नाहीस.

हवा कुठून जाते ते मला माहीत आहे. ह्यांनी शोभेसाठी उभ्या केलेल्या त्या तीन तोट्या उघड्या आहेत. झाडांना पाणी सोडायच्या तोट्या फिरवण्यात माझे हात झिजले. दांडी नळीच्या रेषेत असली की तोटी उघडी, आडवी असली की बंद. त्या टाकीतलं साचलेलं पाणी काढायच्या तोट्या आहेत, त्यातून सगळी हवा खाली जाते. मी पहिल्याच आठवड्यात वाकून पाहिलं होतं.

सांगणारच होते गं, अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात मालकांचं ते यंत्र फाटकाशी आलं, ट्रकसमोर थांबलं आणि आल्या वाटेनं मागं गेलं. मग मी तोंड मिटलं ते आजवर.

तुला ते कोपऱ्यातलं लिंबाचं झाड आठवतं ना? पातळ सालीचं, बिया नसलेलं, वर्षभर धरणारं. तसं दुसरं मी कुठं पाहिलं नाही. एवढं जुनं झाड उपटून नेलं तर जगणार नाही, म्हणून त्याच्या फांद्या घेऊन कुंड्यांतल्या रोपांवर कलमं बांधली आहेत. ती अजून सांधलेली नाहीत. आत्ता टेकडीच्या रस्त्यावर नेली तर पहिल्याच गचक्याला निसटतील. आणखी तीनेक आठवडे मिळाले तर धरतील. आणि यातलं एखादं वाळलं तर दुसरं बांधायला झाड तर हवं ना उभं! फाटक मोकळं झालं की यंत्र तासाभरात आत येईल आणि सगळ्यात आधी तेच झाड जाईल. मी मालकांकडे महिनाभर मुदत मागितली होती. ते म्हणाले, इमारतीत झाडं लावणारच आहोत, कुंडीत.

ह्यांना का सांगत नाही म्हणशील. ह्यांच्या पोटात काही राहत नाही. जन्मभर पाट्या लिहिल्या, त्यामुळे जे कळेल ते रस्त्यापलीकडून वाचता यावं अशीच सवय. मुकादमानं एक चहा पाजला की हे त्याला तोट्या दाखवायला ट्रकखाली घेऊन जातील.

परवा ह्यांना काय सुचलं कोण जाणे, खाली शिरून तिन्ही तोट्या आडव्या केल्या आणि शीळ घालत घरात आले. पहाटे मी पक्कड घेऊन गेले. रंगानं घट्ट बसल्या होत्या, पण पुन्हा उभ्या केल्या. सकाळी इंजिन लावलं, काटा हलेना. ह्यांनी काट्यावर टिचकी मारून पाहिली. मग म्हणाले, उस्तादांनाच विचारायला हवं.

अक्का, मला फार वाईट वाटतं. सगळी गल्ली ह्यांना हसते. दिवसभर खाली पडून राहतात, कपाळाला ग्रीस, केसांत माती. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी कधी ह्यांना असं फसवलं नव्हतं. पण ते झाड गेलं तर मला ह्यांचंही तोंड बघवणार नाही, पाटी ह्यांनीच रंगवलीय ना. काय करू ते कळव.

तुझी,
बाळी


ता. २१ सप्टेंबर

प्रिय बाळीस,
अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. हे विचारायला लागले काय झालं, म्हणून सांगितलं की तू पेंटरबद्दल तक्रार करतेस. त्यांना ते लगेच पटलं.

काय करू म्हणतेस? जे करतेस तेच कर. भाऊजींचं माझ्यावर सोड. काल जेवताना मी सहज म्हटलं की बिघाड कॉम्प्रेसरमध्ये तर नसेल ना. ताट तसंच ठेवून उठले आणि कागद घेऊन बसले. सकाळपासून लिहिताहेत. या माणसानं एवढी वर्षं फळ्यासमोर शिकवलं, पण एका वाक्यात उत्तर कधी दिलं नाही. आज पहिल्यांदाच मला त्याचं कौतुक वाटतंय. ते पत्र पेंटर मालकांना वाचून दाखवेल, त्यातच तुझा एक आठवडा निघेल.

एक सांगू? पेंटरला फार बावळट समजू नकोस. भोळा आहे, पण डोळे शाबूत आहेत. दोन पाट्यांमधलं केसाएवढं अंतर ज्याला खटकतं, त्याला पकडीचे ओरखडे दिसणार नाहीत का? जपून राहा. पाठीला तेल लावून दे त्याच्या.

कलमांचं लगेच कळव. तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहायला नको, तरी लिहिते.

तुझी,
अक्का


ता. २३ सप्टेंबर

श्री. पेंटर यांस,
अनेक आशीर्वाद.

हवेचा बिघाड हा विजेच्या बिघाडासारखा पोरकट नसतो. विजेचा बिघाड ओरडतो, हवेचा बिघाड गप्प राहून माणसाला झिजवतो. घाई केलीत तर मी जबाबदार नाही.

आधी कॉम्प्रेसरचा पट्टा पहा. मग कॉम्प्रेसरला हवा पुरे झाली म्हणून सांगणारा जो झडपेचा डबा असतो, तो पहा. तो बिघडला तर कॉम्प्रेसर भरल्यापोटी असल्यासारखा बसून राहतो. त्यानंतर साबणाचं पाणी करा आणि ब्रशनं प्रत्येक सांध्याला लावा. तुमच्या हातात ब्रश शोभतो. जिथं बुडबुडा दिसेल तिथं खडूनं खूण करा. खूण केली की लगेच पाना लावू नका. आधी सगळ्या खुणांचा नकाशा काढा, तो मला पाठवा, मी त्याचा अभ्यास करून क्रम ठरवून देईन. त्या क्रमानंच सांधे आवळायचे. वायपर आणि हॉर्नसुद्धा याच हवेवर चालतात, त्यांच्या नळ्या विसरू नका. चाकांपाशी जाणाऱ्या रबरी नळ्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्या तर उत्तम.

टाक्यांच्या तळच्या तोट्या बंद आहेत का, हे विचारून मी तुमचा अपमान करत नाही. ते शाळकरी पोरालाही कळतं.

सोबत दहा पानांचं टिपण जोडलं आहे. मालकांना वाचून दाखवावं म्हणजे त्यांनाही शास्त्र काय असतं ते समजेल. चि. सौ. बाळीस आशीर्वाद. तिनं या कामात लुडबुड करू नये, बाकी आमची माया तिच्यावर आहेच.

आपला,
उस्ताद


ता. १३ ऑक्टोबर

प्रिय अक्का,
बाळीचा नमस्कार.

कलमांनी धरलं! सांध्यावर गाठ आली आणि वर कोवळी पानं फुटली. एक वाळलं होतं, ते झाडावरून दुसरी फांदी घेऊन पुन्हा बांधलं, तेही लागलं. आता मी टेकडीवरून लिहिते आहे. कुंड्या अजून इकडेतिकडे पडल्या आहेत आणि मला बसायला एकच खोकं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

तीस तारीख उलटली तेव्हा मालक स्वतः आले. ह्यांनी भाऊजींचं टिपण उघडलं. दुसऱ्या पानावर मालकांनी घड्याळ पाहिलं, तिसऱ्यावर म्हणाले की उद्या आमचाच मेकॅनिक आणतो. रात्री जाऊन तोट्या बंद कराव्यात तर ट्रक सुटणार, नाही कराव्यात तर पकडले जाणार.

सकाळी तो मेकॅनिक आला. चष्म्याला दोरी, हातात टॉर्च, चांगला जाणता वाटला. हे चहा घ्या चहा घ्या म्हणून त्याच्या मागं लागले होते. तो ट्रकखाली शिरला. मी लिंबाखाली कुंडी धरून उभी होते. तो बाहेर आला आणि मुकादमाला म्हणाला की तोट्या बंद आहेत, बिघाड आतला आहे, सुटे भाग मागवावे लागतील. अक्का, त्या तोट्या मी माझ्या हातानं उघडल्या होत्या! देवानं त्या घटकेला त्याला आंधळं केलं, दुसरं काय म्हणू.

त्यानंतर आठवड्यानं कलमं तयार झाली. मी हळूच जाऊन तोट्या आडव्या केल्या आणि ह्यांना म्हटलं, एकदा शेवटचं लावून बघा. काटा सरसर चढला, चाकं फुस्स करून सुटली. हे एवढे नाचले की मला रडू आलं. तीन फेऱ्यांत सगळं वर आणलं. शेवटच्या फेरीत मी पुढं ह्यांच्या शेजारी बसले होते, कलमं मांडीवर. मागं वळून बघितलं नाही. यंत्राचा आवाज मात्र खालच्या वळणापर्यंत येत होता.

ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. सगळं यश भाऊजींच्या टिपणाचं, असं हे भेटेल त्याला सांगत सुटलेत. सांगू दे. ह्यांना रंगापलीकडे काही दिसत नाही, हे एका अर्थी माझं नशीबच. तू अशीच माझ्या बाजूनं राहा.

तुझी,
बाळी


ता. १८ ऑक्टोबर

श्री. पेंटर यांस,
अनेक आशीर्वाद.

गाडी टेकडी चढल्याचं कळलं. मला आश्चर्य वाटलं नाही. शिस्तीनं, क्रमानं, घाई न करता शोध घेतला की हवेला शरण यावंच लागतं. नकाशा तुम्ही पाठवला नाहीत, पण तो काढलात हे गृहीत धरतो. नेमका कुठला सांधा निघाला ते सविस्तर लिहा. या प्रकरणावर मी आमच्या जुन्या वर्कशॉपच्या मुलांसाठी एक व्याख्यान तयार करतो आहे. तुमचं नाव घेणार नाही, फक्त एक मठ्ठ माणूस असं म्हणेन.

आशीर्वाद आहेतच, ते गाडीलाही कळवावेत.

आपला,
उस्ताद

(वेगळी चिठ्ठी, त्याच पाकिटात)

पेंटर, यांनी पाकीट चिकटवायच्या आत ही आत सरकवते आहे. तुम्ही यांना काहीही लिहा, व्याख्यान होऊ दे. मला एवढंच खरं सांगा, त्या मेकॅनिकला उघड्या तोट्या बंद कशा दिसल्या? — अक्का


ता. २३ ऑक्टोबर

ती. अक्कांस,
धाकट्या मेहुण्याचा सा. न. वि. वि.

उस्तादांना वेगळं लिहिलं आहे. वायपरच्या नळीचा सांधा निघाला असं कळवलंय. व्याख्यानाला तो शोभेल.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. हवेचा आवाज कुठून येतो ते मला उशिरा कळलं, पण कळलं. एका संध्याकाळी मी तोट्या बंद केल्या आणि हिला सकाळी चकित करायचं ठरवलं. सकाळी काटा जागचा हलला नाही. खाली जाऊन पाहिलं तर तिन्ही दांड्या उभ्या, आणि माझ्या नव्या कोऱ्या रंगावर पकडीचे ओरखडे. राग आला आधी, तो रंगाचा. मग चाकाआडून मान वर केली तर ही लिंबाखाली बसून कलमांच्या पट्ट्या सैल करून बघत होती, लेकराचा ताप बघावा तशी. मग कळलं. त्या पाटीवर तिचं झाड मीच रंगवलं होतं. आणखी काय कळायचं राहिलं होतं?

ओरखड्यांवर रंगाचा हात फिरवला आणि बाहेर येऊन म्हटलं की उस्तादांना विचारायला हवं. त्यानंतर विचारतच राहिलो. त्यांची पत्रं मालकांना एवढी लागू पडली की दुसरं औषध शोधावं लागलं नाही.

मेकॅनिक येणार म्हटल्यावर मात्र झोप उडाली. पहाटे ही उठायच्या आत रंगाचे डबे घेऊन ट्रकखाली गेलो. खऱ्या दांड्या टाकीच्या रंगात अशा बुडवल्या की हात लावल्याशिवाय सापडू नयेत. आणि तिथंच टाकीच्या तळावर तीन आडव्या दांड्या चितारल्या. पितळेची चकाकी, त्यावर थोडी धूळ, खाली सावली, एकीला ग्रीसचा ओघळ. टॉर्चचा उजेड कुठून पडेल ते धरून सावली टाकली होती. मेकॅनिक उताणा पडून त्यांच्याकडे बघत होता तेव्हा मी बाहेर चहाचा कप धरून उभा होतो, म्हणजे त्याला बाहेर यायची घाई व्हावी. तोट्या बंद आहेत, असं त्यानं म्हटलं, तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटली. माझ्या कुठल्याच पाटीला असं कुणी म्हटलं नव्हतं.

अक्का, माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते. त्याच संध्याकाळी टर्पेंटाइन लावून पुसून टाकलं. कलमं धरत आली होती, आता कधीही तोट्या बंद करायला तीच खाली जाणार होती, आणि तिनं ते पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं की तिची चोरी पकडली गेली. तिनं एवढं एकटीनं केलं आहे, ते तिचं तिच्यापाशी राहू द्यावं.

कलमं इथं लावली. एक दाराशीच आहे. कालच ही शेजारणीला सांगत होती की आमच्या ह्यांच्या पोटात काही म्हणून राहत नाही, आणि रंगापलीकडे ह्यांना काही दिसत नाही. मी आत दाराला रंग देत होतो, ऐकलं. म्हणू दे.

हे वाचून झालं की फाडून टाका. आमच्यावर लोभ आहे तो असू द्या, आणि यातलं काही तिच्या कानावर घालू नका.

आपला,
पेंटर